बैठकीतलं उत्तर आणि घुटीची ओली सहाण

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डोंगराळ तालुक्यातल्या २४ गावपाड्यांत, साधारण ३०,००० वस्तीत, तुमची छोटी संस्था दोन वर्षं माता-बाल आरोग्य शिक्षणाचं काम करते आहे. दर महिन्याला बायकांची बैठक, चित्रांचे तक्ते, मोबाइलवरच्या फिल्म, अधूनमधून गृहभेटी. बैठकीआधी आणि बैठकीनंतर दहा प्रश्न विचारले, तेव्हा बरोबर उत्तरं ४२ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेली. आता निधी देणारी कंपनी म्हणते, परिणाम दाखवा, बालमृत्यू किती घटले ते सांगा. हातात तीन महिने आहेत, सुरुवातीची पाहणी झालेली नाही. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, आमची दोन वर्षं वाया गेली का?

या शेवटच्या ओळीमुळेच सविस्तर लिहितो आहे. वीस-बावीस वर्षं ग्रामीण आणि आदिवासी भागांत अशा पाहण्या आखण्यात आणि करण्यात गेली, आणि हा प्रश्न मी अनेक कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकला आहे. बहुतेक वेळा काम वाया गेलेलं नसतं. चुकीची गोष्ट मोजली जात असते, किंवा बरोबर गोष्ट चुकीच्या माणसाला विचारली जात असते.

आधी त्या ८१ टक्क्यांबद्दल. तो आकडा खोटा नाही. तुमचं शिकवणं बायकांना कळलं, एवढं तो सांगतो, आणि तेही बैठक संपल्या संपल्या. पुढचं काही सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. एका पाड्यावर दोन महिन्यांच्या बाळाच्या आईशी बोलत होतो. बाळाला काय देता विचारल्यावर तिनं एका दमात सांगितलं, "सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही." अगदी तक्त्यावरचं वाक्य. तिच्या शेजारी ओटीवर सहाण होती, ओली, आणि सहाणेवर नुकतंच उगाळलेलं हळकुंड आणि वेखंड. ती खोटं बोलत नव्हती. घुटी तिच्या लेखी 'देणं' नव्हतंच. घुटी हा बाळाच्या अंघोळीइतकाच रोजचा रिवाज, आणि तो सासूच्या हातातला. आमच्या प्रश्नावलीत त्या बाळापुढे 'निव्वळ स्तनपान: होय' अशी खूण पडली असती.

तेव्हापासून मी कुठलीही पाहणी आखताना आधी एक साखळी कागदावर मांडतो. आपला संदेश किती जणींपर्यंत पोचला? पोचला त्यांना कळला का? कळलेलं पटलं का? पटलेलं करण्याची मुभा त्यांना होती का, म्हणजे घरातल्यांची परवानगी, वेळ, पैसा, पाणी, दवाखान्यातल्या लोकांची साथ? मुभा होती तर केलं का? आणि केल्यामुळे बाळाच्या तब्येतीत फरक पडला का? तुमची चाचणी दुसऱ्या कडीवर थांबते. कंपनी शेवटच्या कडीबद्दल विचारते आहे. खरं काम मधल्या कड्यांत आहे, आणि तीन महिन्यांत मोजता येण्याजोगंही तेच आहे.

शेवटची कडी का सोडून द्यायची, याचं गणित कंपनीच्या माणसाला समोर बसवून मांडा. ३०,००० वस्ती, हजारी १६ जन्म धरले तर वर्षाला सुमारे ४८० बाळं. नवजात मृत्युदर, म्हणजे जन्मानंतर पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, हजारी १५ ते २० धरला तर वर्षाला ७ ते १० मृत्यू. पुढच्या वर्षी ५ झाले किंवा ११ झाले, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो. एवढ्या छोट्या आकड्यावर 'मृत्युदर निम्म्यावर आणला' असं लिहिणं म्हणजे नशिबाला स्वतःचं कर्तृत्व म्हणणं, आणि त्याच न्यायानं पुढच्या वर्षी ११ मृत्यू झाले तर ते तुमच्या माथी येतील. मृत्यूंची नोंद जरूर ठेवा, प्रत्येक मृत्यूमागचं कारण शोधा. पण यशाचं मोजमाप म्हणून तो आकडा पुढे करू नका.

इथे बरेच जण गडचिरोलीचं उदाहरण देतात. कंपनीनंही ते वाचलेलं असेल, म्हणून नीट सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत घरपोच नवजात बालसेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावांत तीच मोजमापं ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली होता. पण ते केवळ आरोग्य शिक्षण नव्हतं. गावातलीच प्रशिक्षित आरोग्यसेविका बाळंतपणाला हजर असायची, बाळाचं वजन घ्यायची, ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शनसह उपचार करायची. शिवाय सेवा सुरू होण्याआधीच दोन्ही भागांत जन्म-मृत्यूंची कसून नोंद चालू होती. बैठका आणि तक्त्यांच्या कार्यक्रमानं त्या ६२ टक्क्यांचा दाखला दिला तर तो आपल्यालाच अडचणीत आणतो. गडचिरोलीतून घेण्यासारख्या गोष्टी दोन: काम सुरू होण्याआधीपासून मोजणं, आणि तुलनेला दुसरी गावं ठेवणं.

मग तुम्ही काय मोजाल? माझा सल्ला, तीनच गोष्टी निवडा: सहा महिन्यांखालच्या बाळांचं निव्वळ स्तनपान, जन्मानंतर पहिल्या तासात छातीला लावणं, आणि हात धुणं. तुम्ही शिकवलेलं बाकी सगळं मोजायला गेलात तर एकही गोष्ट धड मोजली जाणार नाही.

निव्वळ स्तनपानाचा प्रश्न 'किती महिने फक्त अंगावरचं दूध दिलं' असा कधीच विचारू नका. उत्तर पाठ असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कालचा दिवस आणि कालची रात्र विचारतात, तसंच करा. बोलीत विचारा: "काल सकाळी उठल्यापासून आज सकाळपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" आधी तिला सांगू द्या. मग एकेका वस्तूचं नाव घेऊन विचारा: पाणी? घुटी? मध? साखरपाणी? ग्राइप वॉटर? गाई-म्हशीचं, शेळीचं दूध? डब्यातली पावडर? आणि तुमच्या पाड्यावर आणखी जे काही चाटवतात ते, त्याच नावानं. ही यादी कचेरीत बसून करू नका, गावातल्या दोन-चार आज्यांबरोबर बसून करा. डॉक्टरनं दिलेलं औषध, जीवनसत्त्वाचे थेंब किंवा ओआरएस दिलं असेल तर व्याख्येप्रमाणे स्तनपान निव्वळच धरतात. साधं पाणी दिलं तर नाही. तुमच्या पाहणी करणाऱ्या मुलींना हा फरक नक्की ठाऊक हवा.

अशी विचारणा केली की आकडा खाली येतो. घाबरू नका, कंपनीलाही आधीच कल्पना द्या. खाली आलेला आकडा खरा असतो, आणि पुढची सुधारणा त्याच्यावरच मोजता येते.

पहिल्या तासाचं स्तनपान निवडायला सांगतो त्याला खास कारण आहे. देशभरचे आकडे बघा. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यातली बाळंतपणं ७८.९ टक्के होती, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ती ८८.६ टक्के झाली. दवाखान्यात बाळंतपण म्हणजे सोबत प्रशिक्षित परिचारिका, म्हणजे पहिल्या तासात बाळ आईकडे, असं आपण गृहीत धरतो. पण पहिल्या तासातल्या स्तनपानाचा आकडा ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर, म्हणजे जागच्या जागी राहिला. बायका दवाखान्यात गेल्या आणि पहिला तास मात्र बदलला नाही. बाळाला छातीला कधी लावायचं हे त्या वेळी आईच्या हातात नसतं, प्रसूती कक्षातल्या माणसांच्या हातात असतं. तुम्ही २४ गावांतल्या सगळ्या गरोदर बायकांना हा संदेश पाठ करवला तरी हा आकडा हलेलच असं नाही. आणि हलला नाही तर दोष तुमच्या बैठकीचा नसून, संदेश चुकीच्या माणसाला दिला गेला हा निष्कर्ष निघेल. असा निष्कर्ष निघणं हेही मूल्यमापनाचं यशच आहे, कारण पुढच्या वर्षीचा पैसा कुठे लावायचा ते त्यातून ठरतं.

हात धुण्याबद्दल तर तोंडी उत्तर घेऊच नका. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत हात धुण्याच्या मोहिमेची चाचणी झाली, २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे घराघरांत बसून प्रत्यक्ष निरीक्षण केलं होतं. सुरुवातीला शौचानंतर, खाण्याआधी अशा मोक्याच्या वेळी साबणानं हात धुण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास निघालं. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के होतं, तुलनेच्या गावांत ६ टक्के. या आकड्यांकडे दोन बाजूंनी बघा. एक, खरं सुरुवातीचं प्रमाण किती कमी असू शकतं; तोंडी विचारलं असतं तर निम्म्याहून जास्त घरांनी 'हो, धुतो' म्हटलं असतं असं माझा अनुभव सांगतो. दुसरं, त्या मोहिमेत जंतूंची भीती घातली नव्हती. मुलांना चांगलं वळण लावणाऱ्या आईची गोष्ट सांगितली होती, स्वच्छतेच्या ओढीला आणि 'सगळे करतात' या जाणिवेला हात घातला होता. तुमच्या तक्त्यावर जंतूंची मोठी चित्रं असतील तर याचा विचार करा.

तुमच्याकडे प्रत्येक घरात तीन तास बसायला माणसं नसतील. मग निदान एवढं पाहा: हात धुण्याच्या जागेजवळ पाणी आहे का, साबण आहे का, तो ओला किंवा वापरलेला दिसतो का. हे अपुरं माप आहे, तरी बोललेल्या शब्दापेक्षा बरं.

आता पहिल्या कडीकडे, म्हणजे 'पोच'कडे येतो. छोट्या संस्था हिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच असण्याची शक्यता आहे. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी भागांत 'एकजुट' संस्थेनं बायकांच्या गटबैठकांचा प्रयोग केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात तीन वर्षांत नवजात मृत्युदर तुलनेच्या भागापेक्षा ३२ टक्के कमी आढळला. त्या बैठकांत भाषण नव्हतं. बायका आपल्या गावातल्या अडचणी स्वतः निवडायच्या, उपाय ठरवायच्या, करून पाहायच्या, पुन्हा बसून बोलायच्या. साधारण तीच पद्धत मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत ४८ वस्त्यांमध्ये तपासली गेली, २४ वस्त्यांत गट आणि २४ तुलनेला. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षात बाळंतपणाच्या काळातली काळजी किंवा बाळांचे मृत्यू यांत गटांमुळे सुधारणा झाल्याचं दिसलं नाही. शहरात दवाखाने हाकेच्या अंतरावर, बहुतेक बाळंतपणं आधीच दवाखान्यात, वस्तीत माणसांची सतत ये-जा. तीच पद्धत, वेगळी जागा, वेगळा निकाल. 'अमुक ठिकाणी हे सिद्ध झालंय' एवढ्यावर विसंबून राहू नका म्हणतो ते याच्यासाठी.

२०१३ मध्ये अशा सात चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. ज्या ठिकाणी भागातल्या निदान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या, तिथे परिणाम ठळक होता. म्हणून तुमचे पहिले दोन आठवडे हजेरीच्या वहीवर घालवा. 'दोन वर्षांत ५७६ बैठका, इतक्या हजार उपस्थिती' हा हिशेब बाजूला ठेवा. आशाताईंच्या नोंदवहीतून गेल्या वर्षभरातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी काढा आणि एकेकीपुढे खूण करा: ती निदान तीन बैठकांना आली का? मी अशी यादी केली तेव्हा एकदा असं निघालं की बैठकांना नेमानं येणाऱ्या बहुतेक बायका चाळिशीपुढच्या होत्या. गरोदर सुना घरी स्वयंपाक करत होत्या. आम्ही तेव्हा निराश झालो. नंतर लक्षात आलं की घुटी उगाळणारे हात बैठकीतच बसलेले होते आणि आम्ही त्यांच्याशी सुनांबद्दल बोलत होतो, त्यांच्या स्वतःबद्दल कधी बोललोच नव्हतो.

याला जोडूनच आपल्याकडचा एक खास गुंता आहे. कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात तो सापडायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. तुमच्या गावातली सून सातव्या महिन्यात माहेरी जाते. तिला तुम्ही शिकवलेलं असतं, पण बाळाचे पहिले दोन-तीन महिने दुसऱ्या तालुक्यात जातात. त्याच वेळी तुमच्या गावातल्या लेकी बाळंतपणाला आलेल्या असतात. त्या तुमच्या बैठकीला कधी बसलेल्या नसतात, पण पाहणीच्या दिवशी घरात बाळ त्यांचं सापडतं. सरसकट घरोघर जाऊन मोजलंत तर न शिकवलेल्या आयांची बाळं 'कार्यक्रमाच्या गावात' धरली जातील आणि परिणाम असलाच तर तो पातळ दिसेल. उपाय सोपा आहे, पण आधी ठरवावा लागतो. प्रत्येक आईला तीन गोष्टी विचारा: गरोदरपणातला बहुतेक काळ कुठल्या गावात होतात, बाळंतपण कुठे झालं, बाळाला घेऊन या गावात कधीपासून आहात. विश्लेषणात या बायका वेगळ्या काढून दोन्ही प्रकारे आकडे मांडा. ज्यांच्या घरची सासू किंवा आई बैठकीला यायची, तीही नोंद घ्या. माझ्या अनुभवात काही वेळा तीच नोंद सगळ्यात जास्त बोलकी ठरली.

आता सुरुवातीची पाहणी नाही, त्याचं काय? फक्त 'आधी आणि नंतर' असती तरी ती पुरली नसती. देशात निव्वळ स्तनपानाचं प्रमाण चौथ्या आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीदरम्यान ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं. तुमचा कार्यक्रम नसलेल्या गावांतही ते वाढतच होतं. सरकारचा स्तनपानाचा 'मां' कार्यक्रम २०१६ पासून, पोषण अभियान २०१८ पासून. उलटही घडतं: १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय त्याच काळात ५३.१ वरून ५७ टक्क्यांवर गेला. वारं विरुद्ध असताना एखादा कार्यक्रम आपल्या गावांत वाढ रोखून धरतो, आणि आधी-नंतरच्या हिशेबात मात्र नापास दिसतो. म्हणून तुलनेची गावं हवीतच.

तुलनेची गावं निवडताना माझी पहिली पसंती पुढच्या टप्प्यात जिथे काम सुरू करायचं आहे त्या गावांना असते. ती साधारण तुमच्या गावांसारखीच असतात, 'यांना मुद्दाम वंचित ठेवलं' असा प्रश्न उरत नाही, आणि आजची पाहणी त्यांच्यासाठी सुरुवातीची पाहणी ठरते. म्हणजे दोन वर्षांनी तुमच्या हातात आज नाही ते असेल. अगदी लगतची गावं नकोत. एकच आठवडी बाजार, एकच आशाताई असेल तर तुमचा संदेश तिथे आधीच पोचलेला असतो. रस्ता, उपकेंद्राचं अंतर, जमातींचं प्रमाण, हंगामी स्थलांतर यांत जुळणारी निवडा, आणि जुळत नाही तिथे अहवालात तसं लिहा.

एक मोह मात्र टाळा. 'बैठकीला येणाऱ्या' आणि 'न येणाऱ्या' बायकांची तुलना करून फरक दाखवणं सगळ्यात सोपं वाटतं. येणाऱ्या बायका आधीच वेगळ्या असतात. घर बैठकीच्या जागेजवळ, सासू समजूतदार, रोजंदारीचा ताण थोडा कमी. त्यांचं बाळ तुमच्याशिवायही बरं असण्याची शक्यता जास्त. तुलना गाव विरुद्ध गाव करा, त्यात न येणाऱ्या बायकाही धरून.

किती बाळं मोजायची? तुमच्या २४ गावांत कुठल्याही दिवशी सहा महिन्यांखालची साधारण २३०-२४० बाळं असतील. ५० टक्के आणि ६५ टक्के यांतला फरक खात्रीनं ओळखायला एकेका बाजूला सुमारे १७० बाळं लागतात. एका गावातल्या आया एकमेकींसारख्या वागतात, त्यामुळे ती संख्या जवळजवळ दीडपट करावी लागते, म्हणजे अडीचशेच्या घरात. थोडक्यात, नमुना काढायच्या भानगडीत पडू नका, सगळीच बाळं मोजा, आणि तुलनेच्या गावांतही तितकीच. यातून १५ टक्क्यांचा फरक दिसेल. पाच टक्क्यांचा फरक असला तरी दिसणार नाही, आणि ही मर्यादा पाहणीआधीच लेखी कळवून ठेवा. निकाल आल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

शिकवणाऱ्या ताईंनी विचारायला जायचं नाही. त्यांच्यापुढे बायका परीक्षेसारखं उत्तर देतात, आणि ते माणुसकीचंच आहे. ज्या ताईनं दोन वर्षं माया लावली तिला नाराज कोण करेल? जवळच्या महाविद्यालयातल्या समाजकार्याच्या मुली, किंवा दुसऱ्या तालुक्यातल्या संस्थेच्या कार्यकर्त्या घ्या. बोली येणाऱ्या हव्यात. सासू समोर असताना सून घुटीबद्दल बोलणार नाही, तेव्हा शक्य तिथे दोघींशी वेगवेगळं बोला. आणि पाहणीत आजारी बाळ दिसलं तर प्रश्नावली मिटून आधी ते बाळ उपकेंद्रात पोचवा. ती एक नोंद गेली तरी चालेल.

पाहणी कोणत्या महिन्यात, हे तुमच्या भागावर अवलंबून आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कुटुंबं जात असतील तर हिवाळ्यात सापडतील ती मागे राहिलेली, थोडी सावरलेली घरं. सगळ्यात जोखमीची बाळं फडावरच्या कोपीत असतील. पावसाळ्यात माणसं घरी असतात, पण पाड्यांवर पोचणं कठीण आणि आया दिवसभर शेतात. बिनचूक असा महिना नसतोच. एवढं पाहा की दोन्ही बाजूंची गावं त्याच दोन आठवड्यांत मोजली जातील, आणि बंद घरांची संख्या नोंदली जाईल.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगतो. तुमच्या २४ गावांत आशांची पदं भरलेली आहेत का, तुमच्या बैठका खरोखर दर महिन्याला झाल्या का, कंपनीला आकड्यात रस आहे की पुढचा निधी थांबवायला कारण हवं आहे, हे मला इथून कळणार नाही. तुलनेच्या गावांना परवानगी मिळालीच नाही, तर दुसरा मार्ग म्हणजे तुमच्याच गावांतली ज्यांत काम लवकर सुरू झालं आणि ज्यांत उशिरा झालं त्यांची तुलना. ती कमजोर आहे, तरी काहीच नसण्यापेक्षा बरी.

तीन महिन्यांचा हिशेब असा पडेल. पहिले दोन आठवडे हजेरीवही आणि गरोदर बायकांची यादी जुळवण्यात. पुढचे दोन तुलनेची गावं ठरवण्यात आणि आज्यांबरोबर बसून प्रश्नांची भाषा पक्की करण्यात. एक आठवडा प्रशिक्षण आणि कार्यक्रमाबाहेरच्या एखाद्या पाड्यावर कच्ची चाचणी. तीन आठवडे पाहणी. दोन आठवडे आकडेमोड. उरलेले दोन आठवडे अहवालाला देऊ नका, गावाला द्या.

अहवालात 'आमच्यामुळे' हा शब्द शक्यतो टाळा. असं लिहा: कार्यक्रमाच्या गावांत अमुक टक्के, तुलनेच्या गावांत अमुक टक्के, गावं या या बाबतीत जुळत होती, या बाबतीत नव्हती, गरोदर बायकांपैकी इतक्याच जणींपर्यंत आम्ही पोचलो, पहिल्या तासाचा आकडा हलला नाही आणि त्याचं कारण आम्हाला असं दिसतं. मी निधी देणाऱ्यांच्या बाजूनंही अहवाल वाचले आहेत. सगळे आकडे वर चढलेला अहवाल आला की मला पहिली शंका यायची, आणि आपली पोच ३० टक्क्यांखाली होती असं स्वतःहून लिहिणाऱ्या संस्थेसाठी मी पुढच्या बैठकीत हट्टानं बोललो आहे.

आणि हो, ते शेवटचे दोन आठवडे. अहवाल पाठवण्याआधी निकाल प्रत्येक मोठ्या गावात वाचून दाखवा, आशाताई, अंगणवाडीताई आणि सासवांना बोलावून. एका पाहणीत पहिल्या तासाचा आकडा इतका कमी का, यावर आम्ही कचेरीत तीनदा बसलो. चिकाच्या दुधाबद्दलची समजूत, मध चाटवण्याची चाल, असं बरंच काही लिहून काढलं. गावातल्या बैठकीत आकडा वाचला तेव्हा मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही कुठं नाही म्हणलं? बाळ पुसून तिकडं टेबलावर ठेवलं, आम्हाला बाहेर बसवलं. पोरगी दूध पाजायला बाळ मागत होती. दिलं दोन तासांनी." पुढच्या वर्षीचा आमचा पहिला प्रशिक्षण वर्ग त्या दवाखान्यातल्या परिचारिकांबरोबर झाला.